पोतनीसांचा हत्ती

गिटार म्हटलं की लोकांना गळ्यात अडकवून मिरवायचं वाद्य आठवतं. रमाकांत पोतनीसांचं गिटार मिरवायचं नव्हतं, वाहायचं होतं. टेबलासारखं ते चार पायांवर उभं राहायचं. वर दहा-दहा तारांच्या दोन फळ्या, एक पुढची आणि एक मागची. खाली पायांनी दाबायची पेडलं, गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या, आणि पेडलांपासून तारांपर्यंत पोटातून गेलेल्या सळयांचं असं जंगल की एखाद्या घड्याळजीनंही हात जोडावेत. पेडल स्टील गिटार म्हणतात त्याला. अमेरिकेत घडलेलं, मुंबईत एका गोवेकर वादकानं वापरलेलं, आणि त्यानं धंदा सोडला तेव्हा तरुण पोतनीसांनी रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये घालून ग्वाल्हेरला आणलेलं. सुताराकडून करून घेतलेल्या पेटीसकट ते बेचाळीस किलो भरायचं.

तिथल्या जयविलास राजवाड्यात झुंबरं टांगायच्या आधी छत पेलतंय का बघायला वर हत्ती चढवले होते म्हणतात. पोतनीसांचं वाद्य मेळ्यातल्या स्टेजवर चढलं आणि खालचे लाकडी तक्तपोस करकरले की पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणायचंच, चला, आता झुंबरं टांगायला हरकत नाही. तेव्हापासून त्याचं नाव हत्ती पडलं. एजी ऑफिसातल्या सरकारी नोकरीनं पोतनीसांचं घर चालवलं, पण गाव त्यांना ओळखायचं ते हत्तीमुळे.

या वाद्याला पडदे नसतात. सतारीवर बोट पडद्याशी पडलं की सूर आपोआप जागेवर येतो. इथे तारांवरून पोलादाची एक गुळगुळीत कांडी फिरवायची, आणि ती केसभर इकडे-तिकडे झाली की सूर गेलाच. फळीवर जागा दाखवणाऱ्या रेघा आखलेल्या असतात, पण पोतनीसांनी आयुष्यात त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. "रेघा गिऱ्हाइकाला दाखवायला असतात," ते म्हणायचे. "वाजवणाऱ्याचे डोळे लोकांकडे आणि कान कांडीखाली." हे वाक्य त्यांच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की भिंतींनाही पाठ झालं असावं. ती कांडी मात्र कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. तिच्या वजनानं प्रत्येक सदऱ्याचा खिसा एका बाजूला ओघळलेला असे, आणि त्यांच्या पत्नी शामलाबाई तो दर महिन्याला शिवून काढत.

गेली तीन वर्षं हत्ती जयेंद्रगंजातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पलंगाखाली पडून होता. मराठी मंडळाचे सेक्रेटरी हेमेंद्र काळे गणपतीच्या आधी न चुकता यायचे, चहा घ्यायचे आणि विचारायचे, "काका, यंदा वाजवणार ना?"

पोतनीस गुडघ्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "अरे हेमेंद्रा, ते धूड उचलणार कोण?"

उत्तर बिनतोड होतं. वय सत्तरीच्या पुढे गेलेलं, जिना अरुंद, लिफ्ट नाही. हेमेंद्र हळहळून निघून जायचे, आणि पोतनीसांची अब्रू आणखी एक वर्ष शाबूत राहायची.

कारण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती पोतनीसांनी कुणालाही सांगितलेली नव्हती. एक दिवस शामलाबाई सकाळी पेटीवर भजन वाजवत असताना त्यांना वाटलं, पेटी बेसूर झालीये. ते बायकोवर उखडले, पेटी उचलून बाड्याच्या चौकाजवळच्या दुकानात देऊन आले. पेटी दुरुस्त होऊन आली ती तशीच. पुन्हा उखडले. मग एका दुपारी मंदिरातली घंटा वाजली आणि त्यांना एका घंटेच्या दोन घंटा ऐकू आल्या. उजव्या कानात थोडी चढी, डाव्यात थोडी उतरलेली. कुणाला पत्ता लागू नये म्हणून ते झाशीला जाऊन डॉक्टरला दाखवून आले. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, आजोबा, बोललेलं ऐकू येतंय ना, मग झालं. यंत्र लावून आवाज मोठा होईल, पण सूर काही सरळ होणार नाही. परतीच्या गाडीत पोतनीस खिडकीशी बसून कांडी हातात फिरवत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी वाजवणं बंद केलं, आणि त्यांच्या मदतीला धावून आलं ते हत्तीचं वजन.

बहिरा झालो असं माणूस सांगू शकतो. लोक कानाशी येऊन मोठ्यानं बोलतात, संपलं. पण ज्याला गावानं सूर म्हणून ओळखलं, त्यानं सूरच गेला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पोतनीसांना ते जमलं नाही. मला विचाराल तर कुणालाच जमलं नसतं.

यंदा हेमेंद्र आले तेव्हा पोतनीसांचा मुलगा अपूर्व नेमका घरी होता. अपूर्व मालनपूरच्या एका कारखान्यात इंजिनीअर होता, आणि गाड्यांच्या सुट्या भागांचं वजन कसं उतरवायचं हेच तिथे त्याचं काम होतं. चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा. तो विषय घरात बंद झाल्यापासून बाप-लेकात बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. हेमेंद्रनी विचारलं, पोतनीसांनी ठरलेलं उत्तर दिलं, आणि आतून टॉवेलनं डोकं पुसत अपूर्व बाहेर आला.

"बाबा, म्हणजे फक्त वजनाचाच प्रॉब्लेम आहे?"

"मग आणखी कशाचा असणार?" पोतनीस म्हणाले. जरा जास्तच जोरात म्हणाले.

"अरे, तो तर माझ्या रोजच्या कामातला आहे. तुम्ही टेन्शनच नका घेऊ." तो हेमेंद्रकडे वळला. "काका, बाबांचं नाव लिहून टाका. मी करतो ना, हो जाएगा."

हेमेंद्र खूश झाले. शामलाबाईंनी स्वयंपाकघरातून एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कढईकडे वळल्या. आपणच तीन वर्षं ज्या भिंतीला टेकून बसलो होतो, ती भिंत आपलाच मुलगा प्रेमानं पाडायला निघालाय, हे पोतनीसांना त्या क्षणी कळलं.

त्याच रविवारी हत्ती पलंगाखालून बाहेर आला. अपूर्वनं चटई अंथरली आणि स्क्रू काढायला बसला. कितीतरी वर्षांनी तो बापाच्या समोर मांडी घालून बसला होता, शिट्टी वाजवत होता. शामलाबाई दोनदा येऊन उगीच बघून गेल्या.

पोतनीसांनी आडकाठी घालून पाहिली. "सळया पातळ केल्यास तर वाकतील."

"ॲल्युमिनियमच्या करून राहिलो, बाबा. पोकळ. नाही वाकणार."

"पेडलं हलकी झाली तर पायाला कळणार नाहीत."

"चार दिवसांत सवय होईल."

"आवाज जाईल रे. या जडपणातूनच तो इतका वेळ घुमतो."

अपूर्व थांबला. हे त्याला पटण्यासारखं होतं. मग म्हणाला, "थोडा जाईल. पण बाबा, पलंगाखाली पडून तर पूराच गेलाय ना?"

पोतनीसांनी खिशातली कांडी काढली, पुन्हा खिशात ठेवली.

लोखंडी पेडलं गेली, तिथे ॲल्युमिनियमची आली. पाय बदलले. सळया बदलल्या. मागची फळी तर अपूर्वनं सगळ्यांत आधी काढली. मेळ्यात कोणी मागची फळी वाजवत नाही, तिच्यावरचे सूर पोतनीस फक्त घरी, स्वतःसाठी वाजवायचे. मग अपूर्व म्हणाला की एकच फळी राहिल्यावर एवढं रुंद खोड कशाला? आणि एका शनिवारी तो ते सगळं कारखान्यात घेऊन गेला आणि लाकडाचं खोड उभं कापून अर्धं घेऊन आला. कापलेल्या कडेचं लाकूड पिवळं, कोवळं होतं, कालच तोडल्यासारखं. पोतनीसांनी त्यावरून बोट फिरवलं, मग ते गच्चीवर जाऊन उभे राहिले. किल्ल्यावर ढग उतरले होते. त्यांना मुलाचा राग आला, आणि राग यायचं काही कारण नाही हे कळत असल्यामुळे तो कुठे ठेवावा हेही कळेना.

पुढच्या फळीचा तारांखालचा तळही ओतीव धातूचा होता. अपूर्वनं तो काढून हलक्या लाकडाचा नवा केला. रेघा जुन्या तळावरच कोरलेल्या, म्हणून त्यांचा फोटो काढून तो पाटणकर बाजारातून एका चिकटपट्टीवर छापून आणला आणि नव्या फळीवर नीट बसवला. बसवताना त्याच्या लक्षात आलं की शेवटच्या टोकाला पट्टी जरा आखूड पडतेय. त्यानं भुवया आकसल्या, क्षणभर विचार केला आणि सोडून दिलं. बाबा थोडेच रेघांकडे बघतात? त्या तर शोभेच्या.

शेवटी लोखंडी कोपऱ्यांच्या पेटीऐवजी काळी कापडी बॅग आली. अपूर्वनं स्वयंपाकघरासमोर उभं राहून ती एका हातानं खांद्यापर्यंत उचलून दाखवली. "अठरा किलो, आई! बघून राहिलीस?" त्याचा चेहरा असा उजळला होता की त्याच्या शाळेतल्या बक्षिसांच्या दिवसाची आठवण व्हावी. पोतनीस म्हणाले, "शाब्बास." आणि ते मनापासूनच म्हणाले, हा त्यातला वाईट भाग होता.

त्या दिवसापासून पोतनीसांची झोप उडाली. आजारी पडावं का? गुडघा धरावा का? पण मुलगा महिनाभर रविवार मोडून राबला होता. आता नाही म्हटलं तर तो विचारणार, का? आणि एकदा का सुरू झालं की सगळं बाहेर येणार.

आणि मग एका सकाळी, बॅगेतून वाद्य काढून नुसतं पुढ्यात ठेवून बसले असताना, त्यांना त्या रेघा दिसल्या. काळ्याभोर, ताज्या छापलेल्या, सारख्या. त्यांनी कांडी एका रेघेवर बरोबर आणून ठेवली. दुसरीवर नेली. तिसरीवर. तारा तर अपूर्व मोबाईलवर बघून लावून देत होता. मग कानांची गरजच काय? कांडी रेघेवर राहिली की सूर जागेवर असणारच, मला ऐकू येवो न येवो. आयुष्यभर ज्यांना गिऱ्हाइकाच्या रेघा म्हणून हिणवलं, त्यांच्याच पाया पडायची वेळ आली होती. पोतनीस पडले.

ते रोज सकाळी स्पीकर न लावता वाजवू लागले. त्याशिवाय हे वाद्य डासाइतकं कुजबुजतं. शामलाबाईंनी विचारलं तर म्हणाले, खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे. खरं म्हणजे त्यांना ते दुहेरी सूर ऐकायचेच नव्हते. मान खाली, नजर कांडीवर. यमनमधली त्यांची जुनी धून त्यांनी अशी डोळ्यांनी पाठ केली, जशी शाळेतली मुलं नकाशा पाठ करतात. आठवड्याभरात कांडी एकदाही रेघ सोडेना. गणपती येईतो त्यांना चक्क आशा वाटू लागली होती. सदऱ्याला इस्त्री कर म्हणून त्यांनी स्वतः सांगितलं.

मंडळाच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. अपूर्व काळी बॅग एका हातात घेऊन स्टेजवर चढला तेव्हाच टाळ्या वाजल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, पोतनीसांचा हत्ती डाएटिंगवर गेला वाटतं!" हॉल हसला. अपूर्वही हसला. शामलाबाई नवऱ्याच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसल्या, पूर्वी नेहमी बसत तशाच. मंडळातला एक तरुण तबल्यावर होता.

पोतनीसांनी खिशातून कांडी काढली, तारांवर ठेवली आणि मान खाली घातली.

सुरुवात खालच्या सुरांवर होती. लोक शांत झाले. कान आपलं दुहेरी तुणतुणं वाजवत होते, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. रेघ, रेघ, रेघ. पाय पेडलांवर पडत होते तेही वेळेवर. धून हळूहळू वर चढू लागली आणि कांडी फळीच्या मधल्या घरांत आली. तिथे त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातून शामलाबाईंचा हात दिसत होता. पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, बांगडीसकट. तो हात सूर दाबत होता, आणि मग दाबता दाबता अडखळला. पुन्हा सुरू झाला. पोतनीसांनी कांडी आणखी वरच्या रेघेवर नेली. बरोबर रेघेवर, केसाचाही फरक नाही.

शामलाबाईंनी हात उचलला. पट्ट्यांवरून काढून त्यांनी तो मांडीवर ठेवला, आणि दुसऱ्या हातानं पेटीचा भाता हलकेच मिटून घेतला.

आधी पोतनीसांना वाटलं, हाताला पेटका आला असेल. मग त्यांना कळलं. त्यांच्यासोबत हजार कार्यक्रमांत वाजवलेल्या बाईनं पेटी का थांबवावी? पेटीचा सूर शेजारी असला की वाकडा सूर वाकडा दिसतो. पेटी नसली तर निदान लोकांना तुलना करायला काही राहत नाही. ती त्यांना झाकत होती. भर सभेत पदर घालावा तशी.

थांबता येत नव्हतं. मान वर करून तिच्याकडे बघावं तर रेघ सुटणार. काय चुकतंय हे त्यांना ऐकू येत नव्हतं, किती चुकतंय तेही नाही. कांडी तर रेघेवर होती! ते रेघांना चिकटून, एकटे, तबल्याच्या आधारानं धून शेवटपर्यंत घेऊन गेले. तेवढी सात-आठ मिनिटं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत लांब असतील.

टाळ्या झाल्या. खूप झाल्या, आणि थोड्या जास्तच वेळ झाल्या. हेमेंद्रनी शाल घातली, नारळ दिला. लोक येऊन नमस्कार करत होते. या वयात एवढं वाजवता म्हणजे कमाल आहे, असं म्हणत होते. पूर्वी कुणी वयाबद्दल बोलायचं नाही. ऑफिसातल्या एका जुन्या सोबत्यानं तर हात हातात घेऊन नुसतं "तब्येतीला जपा" म्हटलं. पोतनीसांना वाटलं, यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर अपूर्वनं कपडेही बदलले नाहीत. बॅग उघडली, वाद्य चटईवर ठेवलं आणि कंपासपेटीतली स्टीलची फूटपट्टी काढून फळीवर ठेवली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. पलंगाखाली पडलेला जुना तळ ओढून शेजारी ठेवला.

"बाबा, गलती माझी आहे," तो मान वर न करता म्हणाला. "दुकानात कागदात बसावी म्हणून मशीननं पट्टी लहान छापली. वर जाऊ तशा सगळ्या रेघा मागे सरकल्यात. म्हणून सूर उतरून राहिला होता. मला बसवताना दिसलं होतं थोडं. पण म्हटलं, तुम्ही कुठे रेघांकडे..."

आणि तो थांबला. फूटपट्टी हातातच राहिली.

पोतनीस खुर्चीत बसले होते, शाल अजून खांद्यावर होती. मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना समोर दिसत होतं. रेघा जेवढ्या मागे, तेवढाच सूर उतरलेला. म्हणजे कांडी रेघांवर होती. म्हणजे वाजवणारा ऐकत नव्हता, बघत होता. इंजिनीअर मुलगा, त्याला हिशेब जमायला वेळ लागणार नव्हता.

"बाबा, तुम्ही रेघांवर वाजवत होता?"

पोतनीसांना अजूनही खोटं बोलता आलं असतं. तुझ्या पट्टीनं घात केला, असं म्हणता आलं असतं, आणि पोरानं ते आयुष्यभर आपल्या माथी घेतलं असतं. त्यांना तो मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पोराचा चेहरा बघून त्यांना धीर झाला नाही.

"हो," ते म्हणाले. "कानांना दोन-दोन सूर ऐकू येतात रे. तीन वर्षं झाली. कुठला खरा ते कळत नाही."

"आणि तुम्ही मला वजन..."

"वजनाचं बरं होतं," पोतनीस म्हणाले. "लोकांना पटायचं."

अपूर्वनं फूटपट्टी कंपासपेटीत परत ठेवली. मग म्हणाला, "मला एकदा सांगायचं ना, बाबा." आवाज लहान मुलासारखा झाला होता. पोतनीसांनाही वाटलं, खरंच, सांगायचं होतं. आजवर या मुलाला सांगायच्या राहून गेलेल्या सगळ्याच गोष्टी त्यांना आठवल्या. आतून शामलाबाईंनी पानं घेतल्याचं सांगितलं आणि तिघं गुपचूप जेवायला बसले.

त्यानंतर घरात या विषयावर कुणी अक्षर काढलं नाही. हत्ती पलंगाखाली गेला. पोतनीस सकाळी फिरायला जाऊ लागले, म्हणजे मंडळाच्या रस्त्यानं सोडून बाकी सगळीकडे.

दसरा झाला आणि एका संध्याकाळी हेमेंद्र पुन्हा आले. चहा घेतला. म्हणाले, "काका, दिवाळीत मोठा कार्यक्रम करून राहिलो. इंदूरहून पाहुणे येणार. तुमचं नाव तर पाहिजेच. आणि आता वजनाचं पण काही निमित्त उरलं नाही." ते मोकळेपणानं हसले. कपटी माणूस नव्हे. वडीलधाऱ्याला एकदा बोलावलं आणि मग बोलावलं नाही तर त्याला काय वाटेल, एवढाच विचार करून आले होते.

पोतनीसांचा हात गुडघ्यावर गेला, पण पुढचं वाक्य उरलं नव्हतं.

"वजन परत वाढलं, काका," दारातून अपूर्व म्हणाला. तो नुकताच कामावरून आला होता, डबा अजून हातात होता.

"ते कसं काय?"

"मी हलकं केलं ना, त्यात सगळी वाट लागली. आवाज पातळ झाला, सूर जागेवर राहीना. त्या दिवशी बाबांना किती परेशानी झाली. माझ्यामुळे झालं सगळं. मग जुनं सामान होतं तसं परत लावून टाकलं."

हेमेंद्रनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मोकळं झालं. "तरीच! मी पण विचार करून राहिलो होतो, काकांचा सूर आणि असा? मंडळात दोघा-चौघांनी म्हटलं पण. अरे अपूर्व, एवढ्या जुन्या वाद्याला हात लावतात का असा?"

"चुकलंच," अपूर्व म्हणाला.

"चला, मग आपण चार जण मिळून नेऊ ना." हेमेंद्र उठले, वाकले आणि पलंगाखालून जुन्या लाकडी पेटीची कडी धरून ओढली. पेटी वीतभर सरकली. उचलायला गेले तर जमिनीवरून सुटेना. ते कंबर धरून उभे राहिले. "नाही बुवा. या जिन्यावरून नको. कुणाचा तरी पाय जाईल."

"तेच तर म्हणतो मी," पोतनीस म्हणाले. "ते धूड उचलणार कोण?"

हेमेंद्र खाली उतरून जाईपर्यंत पोतनीस खुर्चीतच बसून होते. अपूर्व डबा ठेवायला स्वयंपाकघरात गेला होता, तो तिथेच काहीतरी खात उभा होता. शामलाबाई पोळ्या लाटत होत्या.

कापलेलं खोड पुन्हा जोडता येत नाही, एवढं पोतनीसांना कळत होतं. ते खाली बसले आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. मधोमध अठरा किलोचं बारकं वाद्य होतं, अपूर्वनं केलेलं, जसंच्या तसं. आणि त्याच्या चारी बाजूंना कापून काढलेलं अर्धं खोड, मागची फळी, लोखंडी पेडलं, जुने पाय, सळयांची मोळी. एकही तुकडा भंगारात गेला नव्हता. तरीही वजन कमी पडलं असावं म्हणून तळाशी खलबत्त्याचा लोखंडी खलही होता. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी गुंडाळून सुतळीनं बांधली होती, पेटी हलली तरी खुळखुळू नये म्हणून. गुंडाळलेलं कापड शामलाबाईंच्या जुन्या सुती साड्यांचं होतं, आणि गाठीही त्यांच्याच होत्या. खिसे शिवताना मारतात तशा, दुहेरी.

म्हणजे दोघांनी मिळून केलं होतं, पोतनीस सकाळी फिरायला गेले असताना.

पोतनीसांनी खिशातून कांडी काढली. थोडा वेळ मुठीत धरली, मग साडीच्या एका घडीत सरकवून दिली. झाकण लावलं, कडी घातली. मग दोन्ही हातांनी कडी धरून त्यांनी पेटी एकदा उचलून पाहिली. ती जागची हलली नाही. त्यांना हायसं वाटलं, आणि मग तिथेच जमिनीवर बसून, आत ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात ठेवून, ते रडले.